पिक्चर कसा होता?

आमच्या घरी थेटरातून परत आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. चपला काढता काढताच आतून आजीचा आवाज यायचा, "कसा होता रे पिक्चर?" गोष्ट सांगू लागलं की ती हातानं थांबवायची. "गोष्ट नको सांगू. परत बघशील का, तेवढं सांग." तिच्या लेखी पिक्चरचे दोनच प्रकार होते, परत बघायचा आणि एकदा पुरे. वर्तमानपत्रातले तारे मी पुष्कळ वाचले, पण याहून चोख मोजमाप मला अजून सापडलेलं नाही.

आपला सिनेमा खरं तर याच प्रश्नावर चालत आलाय. एकानं पाहिलं, घरी येऊन सांगितलं, दुसऱ्या दिवशी चौघं निघाले. या 'कसा होता'च्या पोतडीत इतक्या चविष्ट गोष्टी साठल्यात की त्या एकट्यानं खाववत नाहीत.

सरस्वतीबाईंना उद्या घेऊन येतो

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करायला हवी. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. मग त्यांनी काय केलं? चांगला पिक्चर पाहिल्यावर तुम्ही-आम्ही जे करतो तेच. बायकोला घेऊन पुन्हा गेले. सरस्वतीबाईंना चित्र दाखवलं आणि हे आपणही करायचं, असं सांगितलं. पुढचे कित्येक महिने ते मिळेल तो सिनेमा पाहत सुटले, इतका की डोळ्यांनी असहकार पुकारला आणि काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. सरस्वतीबाई तर पुढे कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून सगळं शिकल्या. एक जोडपं एक सिनेमा पाहून घरी त्यावर बोललं, त्यातून इथला चित्रपट-उद्योग उभा राहिला. मला ही गोष्ट कितीदाही सांगायला आवडते.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला. सुरतेत मात्र पहिल्या दिवशीचा गल्ला निघाला तीन रुपये. तिथल्या लोकांना रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांची सवय, तेवढ्याच पैशात एवढासा खेळ कोण बघणार? खेळ लांबवा, असं थेटरमालक म्हणू लागला. फाळक्यांनी खेळ तेवढाच ठेवला आणि जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांब चित्र आणि हे सगळं तीन आण्यांत! दोन मैल लांब चित्र बघायला कोण जाणार नाही? रांगा लागल्या.

त्यातली तारामती होते अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका खानावळीत ते स्वयंपाकी होते. बाई मिळेना, तेव्हा त्यांचे नाजूक हात पाहून फाळक्यांनी त्यांना निवडलं. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये त्यांनी रामही केला आणि सीताही. 1917 साली, मूकपटात, एकाच माणसानं नवरा-बायको दोघं केली आणि ते पाहायला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या निघाल्या!

चपला बाहेर

राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडायचे. पुढे 'संत तुकाराम'च्या वेळी हे आणखी वाढलं. 1936 साली 'प्रभात'नं पुण्यात काढलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग 57 आठवडे चालला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करत असत. त्यांचा चेहरा लोकांच्या मनात असा बसला की पुढे पिढ्यान् पिढ्या तुकोबा म्हटलं की तोच दिसायचा. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. अभंग एकही न कळणाऱ्या माणसांनी तो पाहिला आणि तेही हलले.

मग 1975. त्या एकाच वर्षी 'शोले', 'दीवार' आणि अगदी थोडक्या पैशांत काढलेला 'जय संतोषी माँ'. तिसऱ्यानं सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावली. बायका थेटराच्या दारात चपला काढून आत जायच्या, पडद्यासमोर आरती करायच्या, फुलं आणि नाणी उधळायच्या. थेटर की देऊळ, हे तिथे जमलेली माणसं ठरवतात. मला त्या बायकांचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी पिक्चरवर मत दिलं ते सगळ्या अंगानं दिलं.

आइस्क्रीम खपेना म्हणजे पिक्चर हिट

आता 'शोले'चीच गंमत ऐका. 15 ऑगस्ट 1975, शुक्रवार. आपल्याकडे शुक्रवारचं महत्त्व जुनं आहे. 'मुघल-ए-आझम' शुक्रवारी लागला, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' शुक्रवारी, 'सैराट'ही शुक्रवारी. 'शोले'च्या पहिल्या शुक्रवारी थेटरात शांतता. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. समीक्षकांनी नाकं मुरडली. निर्माते इतके घाबरले की शेवट पुन्हा चित्रित करून अमिताभला जिवंत ठेवायचं का, अशी खलबतं झाली.

तेवढ्यात वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकानं दिग्दर्शक रमेश सिप्पींना धीर दिला. तुमचा पिक्चर चालणार, तो म्हणाला. कशावरून? माझ्याकडे शीतपेयं आणि आइस्क्रीमची विक्री घटली आहे. मध्यंतराला लोक इतके सुन्न झालेले असतात की खुर्चीतून उठून बाहेरच येत नाहीत.

ज्या शांततेला सगळे घाबरले होते ती 'पडेल' पिक्चरची नव्हतीच. माणसं गप्प होती कारण त्यांना बोलायला सुचत नव्हतं. चार दिवसांत ती बोलायला लागली आणि मग थांबली नाहीत. मुंबईच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांहून जास्त राहिला. गाण्यांच्या तबकड्या सुरुवातीला फारशा खपेनात, म्हणून संवादांची तबकडी काढली, तिनं बाजार मारला. ज्यांनी पिक्चर पाहिला नव्हता त्यांनाही गब्बर पाठ झाला होता.

पहिल्या आठवड्यात नापास आणि पुढे गुणवत्ता यादीत, अशा पोरांची आपल्याकडे मोठी रांग आहे. गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, 1959 सालचा. तो आपटला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तचं नाव कुठल्याही चित्रपटावर लागलं नाही. आज चित्रपट शिकवणारे तोच चित्रपट दाखवून प्रकाश म्हणजे काय ते समजावतात. 'अंदाज अपना अपना' 1994 साली थेटरात पडला आणि टीव्हीवर, कॅसेटींवर वाढला. आज कॉलेजच्या कुठल्याही कट्ट्यावर त्यातली वाक्यं ऐकू येतात. 'सूर्यवंशम'बद्दल तर काय बोलावं! 1999 साली थेटरांत तो यथातथाच गेला आणि मग टीव्हीवर असा मुक्कामाला आला की घराघरांतलं एक माणूस झाला. आता कधी लागला तर नायिका सौंदर्याच्या तोंडचं हिंदी कान देऊन ऐका, तो आवाज रेखाचा आहे.

आणि 'तुंबाड'. राही अनिल बर्वेंचा हा चित्रपट ऑक्टोबर 2018 मध्ये आला. खरा पाऊस हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे चित्रीकरण चाललं होतं. शीर्षकामागे श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण आहे. थेटरात पहिल्या खेपेला ज्यांनी पाहिला ते भारावले, पण ते थोडे होते. मग घरोघरच्या पडद्यांवर तो हळूहळू पसरला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थेटरांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. घरी बसून पाहिलेल्यांनीच दुसऱ्यांना दंडाला धरून थेटरात नेलं. घरचा पडदा थेटराच्या मुळावर उठलाय, अशी ओरड कानावर आली की मला 'तुंबाड' आठवतो.

घरचा पडदा सात मिनिटं पुढे

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. आमच्या चाळीत टीव्ही दोनच घरांत होते, त्यामुळे शनिवारी त्या घरांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि खिडकीच्या गजांना पोरं लटकायची. ते थेटरच होतं. फरक इतकाच की रडू आलं तर रडणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असायचं.

त्या काळातली एक गंमत फारच थोड्यांना ठाऊक असते. चित्रपट सेकंदाला 24 चित्रं या वेगानं घेतलेला असतो आणि आपल्या दूरदर्शनची पद्धत 25 चित्रांची होती. सोपा उपाय म्हणून चित्रपट थोड्या जास्त वेगानं पळवला जाई. परिणाम? थेटरातला तीन तासांचा चित्रपट टीव्हीवर जाहिराती वगळून सुमारे सात मिनिटं आधी संपायचा आणि गाण्यांची पट्टीही किंचित चढायची. आपली आई जे गाणं टीव्हीवर ऐकून शिकली ते एका केसानं वरच्या पट्टीत शिकली असेल!

दुसरी गोष्ट जरा दुःखाची. सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या सव्वादोन पटींहूनही रुंद असतं आणि जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. टीव्हीची काच भरून दाखवायचं तर चित्राचा दोन पंचमांश भाग बाजूंनी कापावा लागे. दोन माणसं बोलतायत आणि पडद्यावर एकाचं फक्त नाक, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या नाकावरून चित्रपटाबद्दल मत बनवलेली आमची पिढी आहे. एखादा जुना रुंद चित्रपट तेव्हा आवडला नसेल, तर एकदा तो पूर्ण रुंदीत बघा. मी दोन-तीन चित्रपटांबद्दलचं माझं मत असंच बदललंय आणि त्याचा मला आनंद आहे.

तिसरी गंमत आज रात्रीच करून बघण्याजोगी. जुना चित्रपट लावा आणि पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर डोळा ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी तिथे क्षणभर एक ठिपका चमकेल आणि सात-आठ सेकंदांनी आणखी एक. तो डाग नव्हे, प्रोजेक्टर चालवणाऱ्याला दिलेली खूण आहे. पहिला ठिपका म्हणजे दुसरं मशीन सुरू कर, दुसरा ठिपका म्हणजे आता त्यावर जा. रीळ बदलल्याचं थेटरातल्या कुणाला कळायचंही नाही. अंधाऱ्या खोलीत उभं राहून तेच चित्र दिवसातून चार वेळा न चुकता जोडणाऱ्या त्या माणसाची ही सही आहे. एकदा ती दिसू लागली की मग दिसतच राहते.

नव्या टीव्हीबद्दलही एक सांगते. चित्र फार गुळगुळीत, एखाद्या मालिकेसारखं दिसतंय का? तुमचा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं चित्रं भरतोय. याला वैतागून टॉम क्रूझनं 2018 साली मुद्दाम व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली होती की घरी चित्रपट बघताना ही सोय बंद करा. रिमोट घ्या, चित्राच्या सेटिंगमध्ये जा आणि 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' निवडा. तेवढ्यानंही पिक्चरबद्दलचं मत पालटू शकतं.

'अशी ही बनवाबनवी'चं मात्र कुठल्याच सेटिंगवाचून अडलं नाही. 1988 सालचा हा चित्रपट हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला, पण मूळ हिंदी आज किती जणांना आठवतो? वसंत सबनिसांच्या संवादांनी त्याला असं काही मराठी केलं की घरात कुणी 'धनंजय माने' एवढंच म्हणावं आणि पुढचं वाक्य स्वयंपाकघरातून यावं. औषधाच्या दुकानात बिल सत्तर रुपये झालं की त्यातला संवाद आठवून गल्ल्यावरचा माणूस आणि मी एकमेकांकडे बघून हसतो. अनोळखी माणसाशी एवढी ओळख आणखी कशानं होते?

पुन्हा, पुन्हा, पुन्हा

आजीच्या 'परत बघशील का'ला सगळ्यात दणदणीत उत्तर दिलं ते पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांनी. उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या या चित्रकारानं म्हातारपणी 'हम आपके हैं कौन' साठाहून अधिक वेळा पाहिला. माधुरी दीक्षितसाठी! त्या वेडातून त्यांनी स्वतः 'गजगामिनी' नावाचा चित्रपट काढला. समीक्षा म्हणून कुणी अख्खा चित्रपटच बनवावा, याहून मोठी दाद कुठली?

त्याच्याही कितीतरी आधी, 1938 साली, आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेल्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. नावं ठेवणारे ठेवत राहिले, तिकीट काढणारे परत परत काढत राहिले. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्याच नाती.

दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला 1971 साली दादरचं कोहिनूर थेटर मिळेना, तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले, 'सोंगाड्या' लागला आणि मग उतरायचं नावच घेईना. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, त्याची नोंद गिनेस बुकात झाली. शहाण्यासुरत्या लोकांनी त्यांना नाकं मुरडली, पण गिरणीतली पाळी संपवून आलेला माणूस थेटरातून पोट धरून बाहेर पडत होता. त्याचंही मत मोजायला हवं.

आठ तिकिटं द्या, सगळ्या बायकाच आहोत

मराठी चित्रपट कुणी तगवला, असं मला विचाराल तर मी बायकांकडे बोट दाखवीन. 1991 साली आलेला 'माहेरची साडी' मुळात एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. अलका कुबलच्या हालांवर गावंच्या गावं रडली. बायका पदर डोळ्यांना लावूनच बाहेर यायच्या आणि घरी जाऊन जावेला पाठवायच्या. रडवणारा पिक्चर म्हणून त्याला हिणवणारे अनेक भेटले. मला वाटतं, स्वतःच्या सासरी ज्यांना मोठ्यानं रडता येत नव्हतं त्यांना तीन तास अंधार मिळाला. त्याची किंमत तिकिटापेक्षा फार जास्त होती.

तीस वर्षांनी, नोव्हेंबर 2021 मध्ये, निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी असताना हेमंत ढोमेंचा 'झिम्मा' लागला. इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या सात बायकांची गोष्ट. महामारीनं घरात कोंडलेल्या मैत्रिणी पुन्हा थेटराची पायरी चढल्या त्या यासाठी. जून 2023 मध्ये केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा तर भिशी मंडळं आणि महिला मंडळं ठरवून काठपदराच्या साड्या नेसून, गॉगल लावून येत होती. मी गेले त्या खेळाला मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभ्या बायकांत आपल्या थोरल्या बहिणीशी कोण किती वर्षं बोललं नाही, यावर चर्चा चालली होती. पडद्यावरच्या सहा बहिणी बाजूलाच राहिल्या होत्या.

आणि 'सैराट'! एप्रिल 2016. अजय-अतुलचं ते ढोलांचं गाणं सुरू झालं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायची. काही थेटरांत तर प्रेक्षकांच्या हट्टापायी ते गाणं पुन्हा लावलं गेलं. शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. पण शेवटच्या मिनिटांत तेच थेटर असं गप्प व्हायचं की शेजारच्याचा श्वास ऐकू यायचा. दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात. त्या शेवटावर आमच्या घरी तीन दिवस भांडण चाललं होतं. असाच हवा, असं मी म्हणत होते. असा का केला, असं मावशी म्हणत होती. तिचा आवाज भरून येत होता आणि माझा चढत होता.

जत्रांमधल्या तंबू थेटरांबद्दल लिहायला स्वतंत्र लेखच हवा. ट्रकमधून प्रोजेक्टर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या महाराष्ट्रातल्या या माणसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी अनेक वर्षं खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो 2016 साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मिळेल तिथे बघा.

आईचं मत दुसऱ्या दिवशी आलं

अगदी अलीकडचं एक सांगते. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या आणि त्या दोघांमधलं प्रेम. सप्टेंबरमध्ये तो थेटरात लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले. तिला काय वाटेल, याची मनात धाकधूक होती.

परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. घरी आलो, कुकर लावला, जेवलो, तरी नाही. मीच आजीचा प्रश्न विचारला, "कसा होता?" ती म्हणाली, "थांब जरा."

सकाळी चहा गाळताना आपणहून बोलू लागली. लहानपणी रानात साबराची लाल बोंडं खायची ते सांगितलं. काटे दगडावर घासून काढायचे, तरी एखादा जिभेत रुतायचाच, आणि तोंड दोन दिवस लालभडक. मग कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "त्या पोराची आई मला फार आवडली. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिनं त्याला एकटं पडू दिलं नाही."

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "परत लागलाय का गं कुठे? तुझ्या मावशीला नेते."